‘फेल’ म्हणजे नुसतं नापास नाही : हा इंग्रजी शब्द नीट वाचायचा कसा

मागच्या पावसाळ्यात मामाला हॉस्पिटलमधून घरी आणलं. डिस्चार्ज कार्डवर निदानाच्या रकान्यात ‘हार्ट फेल्युअर’ असं लिहिलेलं, मामीने ते वाचलं आणि कार्ड हातात धरून तशीच पलंगाच्या कडेला बसून राहिली. मामा बाहेर व्हरांड्यात चहा पीत पेपर वाचत होता. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला, दुसरा अर्थच नाही, त्यामुळे तिला वाटलं डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलंय आणि आता थोडेच दिवस उरलेत. मला फोन केला, ‘अगं, हे काय लिहून दिलंय ते येऊन बघ जरा’. मी गेले, समजावलं, पण मी पोचेपर्यंतचे ते दोन तास तिने कसे काढले असतील ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

मी इंग्रजी कागद मराठीत करून द्यायचं काम करते, बँकेचे, कोर्टाचे, दवाखान्याचे, सोसायटीचे. या कामात लोकांना सगळ्यात जास्त घाबरवणारा शब्द कुठला असं विचाराल तर मी हाच सांगेन, फेल. आपण तो शाळेत नापास या अर्थाने शिकतो आणि मग जन्मभर तोच अर्थ सगळीकडे लावत बसतो. म्हणून जे नव्याने इंग्रजी वाचायला लागलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, हा शब्द समोर आला की काय काय बघायचं, कुठून सुरुवात करायची. हातात कागद पेन असेल तर उत्तम.

पायरी १ : ‘नापास’ बाजूला ठेवा

नापास हा शब्द आपला गंमतीदार जोडशब्द आहे, ‘ना’ फारसीतून आलेला, नाराज नालायक नापसंत मधला, आणि ‘पास’ सरळ इंग्रजी. म्हणजे परीक्षा आल्या, पास हा शब्द आला, त्याला आपण आपल्या पद्धतीने ‘ना’ लावला. तो फक्त परीक्षेपुरता आहे आणि तिथे एकदम फिट बसतो. पण इंग्रजीत फेल हा शब्द साधारण १२०० च्या आसपास आलाय, तेव्हा बोर्ड नव्हतं, गुणपत्रिका नव्हती, पस्तीस टक्के नव्हते. परीक्षेचा अर्थ त्याला कितीतरी शतकांनी चिकटलाय. घरातलं सगळ्यात धाकटं पोर दारात उभं असतं आणि आपण त्यालाच घरचा कर्ता समजून बसतो, तसं आपलं झालंय.

पायरी २ : मुळाशी जा, तिथे ‘दगा’ आहे

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ तिथल्या दरबारात, कोर्टात, मोठ्या घरांत फ्रेंच चालायची. त्या फ्रेंचमधून हजारो शब्द इंग्रजीत उतरले, त्यातलाच हा. फ्रेंचमध्ये क्रियापद होतं ‘फाय्यिर’, म्हणजे कमी पडणं, चुकणं, संपणं. आणि ते आलं लॅटिनमधल्या ‘फाल्लेरे’ वरून, त्याचा अर्थ फसवणं, चकवणं, दगा देणं.

आता इथे जरा थांबा कारण मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. मराठीत आपण म्हणतो ना, घाटात ब्रेकने दगा दिला, ऐन पेरणीत पावसाने दगा दिला, म्हातारपणी गुडघ्यांनी दगा दिला. हुबेहूब तोच अर्थ. ज्याच्या भरवशावर होतो ते ऐनवेळी कामाला आलं नाही. इंग्रज ‘द ब्रेक्स फेल्ड’ म्हणतो, आपली आजी ‘ब्रेकने दगा दिला’ म्हणते, दोघंही दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिन अर्थाच्या जवळ उभे आहेत आणि दोघांच्याही बोलण्यात नापास कुठेच नाही.

काही अभ्यासक तर हे लॅटिन क्रियापद संस्कृतमधल्या ‘स्खल्’ धातूशी जोडतात, स्खल् म्हणजे अडखळणं, घसरणं, ज्याच्यावरून आपला स्खलन शब्द आला. हे सगळ्यांनी मान्य केलेलं नाही, त्यामुळे पक्कं म्हणून धरू नका, पण डोक्यात असू द्या.

मूळ कळलं की भावंडं ओळखायला सोपी जातात. फॉल्स म्हणजे खोटं, हे त्याच लॅटिन क्रियापदाचं रूप, ‘फसवलेलं’. फॅलसी म्हणजे फसवा युक्तिवाद. इन्फॅलिबल म्हणजे कधीच न चुकणारा. फॉल्ट म्हणजे दोष, उणीव, आणि याच्या स्पेलिंगमधलं एल हे अक्षर जुन्या फ्रेंच शब्दात नव्हतंच, पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून ते नंतर घातलं आणि मग लोक हळूहळू त्याचा उच्चारही करायला लागले. डिफॉल्ट पण याच घरातला, त्याच्यावर पुढे बोलू. इंग्लंडच्या बाहेर पण हे कुटुंब पसरलंय, जर्मनमध्ये ‘फेलेन’ म्हणजे नसणं, उणीव भासणं, तुझी आठवण येते हे जर्मन माणूस ‘तू मला उणा आहेस’ अशा घाटाने म्हणतो आणि त्यात हेच क्रियापद असतं. इटालियनमध्ये ‘फाल्लिरे’ म्हणजे दिवाळं निघणं. आजच्या फ्रेंचमध्ये तर ‘फाय्यिर’ वापरून ‘मी पडता पडता वाचलो’ असं म्हणतात, म्हणजे पडणं थोडक्यात हुकलं!

पायरी ३ : खोटा नातेवाईक ओळखा

फॉल आणि फेल हे एकच असं खूप जणांना वाटतं, पडला म्हणजे फेल झाला. पण यांचं काही नातं नाही. फॉल हा इंग्रजीचा स्वतःचा जुना जर्मॅनिक शब्द, फेल हा फ्रेंचकडून आलेला. मराठी माणसाचा गोंधळ जरा जास्तच होतो कारण फॉलचा भूतकाळ ‘फेल’ आणि नापासवाला ‘फेल’ आपण देवनागरीत सारखेच लिहितो. ऐकून बघा मात्र, पडलावाला फेल तोकडा असतो, चटकन तुटतो, आणि आपला फेल जरा लांबतो, शेवटाकडे हलकासा ‘इ’ ऐकू येतो, फेइल सारखा. ‘ही फेल’ आणि ‘ही फेल्ड’ यात एक जण पडलाय आणि दुसऱ्याला जमलेलं नाही.

पायरी ४ : वाक्यात कोण आहे आणि फेलच्या पुढे काय आहे ते बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे, म्हणून घाई करू नका. वाक्य समोर आलं की दोन प्रश्न, कमी पडणारं कोण आणि पुढचा शब्द कुठला.

पुढे ‘टू’ आणि क्रियापद असेल, जसं ‘ही फेल्ड टू रिप्लाय’, तर अर्थ एवढाच की त्याने उत्तर दिलं नाही. संपलं. आपल्या बातम्यांत मात्र ‘उत्तर देण्यात अपयशी ठरले’ असं सर्रास छापून येतं, जणू बिचारा उत्तर द्यायचा जिवापाड प्रयत्न करत होता. तसं काही नसतं. त्या फेलमध्ये प्रयत्न नाही, अपेक्षा आहे, द्यायला हवं होतं आणि दिलं नाही. म्हणून ‘ही डिड नॉट रिप्लाय’ पेक्षा यात किंचित ठपका जास्त. ‘यू फेल्ड टू इन्फॉर्म अस’ असं ऑफिसच्या मेलमध्ये आलं तर समजायचं की समोरचा नुसतं सांगत नाहीये, तुमच्यावर जबाबदारी टाकतोय, उत्तर नीट विचार करून द्या. आणि ‘आय फेल टू अंडरस्टँड’ म्हणजे मला समजत नाही असं वाटतं पण बहुतेक वेळा तो चिडलेला असतो, मराठीत ‘मला कळतच नाही हे असं का’ मधला ‘च’ आहे तो.

याच्या उलट ‘नेव्हर फेल्स टू’ आलं की ते कौतुक असतं. माझी मैत्रीण वाढदिवसाला फोन करायला कधी चुकत नाही, झालं.

फेलच्या पुढे सरळ माणूस आला तर खास सांभाळायचं. ‘द टीचर फेल्ड मी’ याचे दोन अर्थ होतात, एक म्हणजे सरांनी मला नापास केलं आणि दुसरा म्हणजे सर माझ्यासाठी कमी पडले, माझ्या वेळेला उभे राहिले नाहीत. कुठला अर्थ ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरतं. बाप मुलीला ‘आय हॅव फेल्ड यू’ म्हणतो तेव्हा मराठीत ‘मी तुला कमी पडलो’. मी एकदा एका भाषांतरात ‘यंत्रणेने तिला नापास केले’ असं छापलेलं बघितलं, अत्याचाराच्या केसबद्दल होतं ते, आणि खरं वाक्य होतं की पोलीस, कोर्ट, दवाखाना सगळे तिच्यासाठी कमी पडले. एका शब्दाने त्या बाईचं दुःखच पुसून टाकलं.

आणि जेव्हा माणसाची स्वतःची एखादी गोष्ट त्याला फेल करते तेव्हा मराठीत सुंदर सुंदर शब्द तयार आहेत. ‘वर्ड्स फेल मी’, शब्दच सुचत नाहीत. ‘हिज करेज फेल्ड हिम’, त्याचा धीर सुटला. ‘द लाइट इज फेलिंग’, उजेड मावळत चाललाय. ‘द क्रॉप फेल्ड’, पीक गेलं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘चॅरिटी नेव्हर फेलेथ’ असं आहे आणि आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्या जागी ‘प्रीती कधी अंतर देत नाही’ असं वाचायला मिळतं. अंतर देत नाही! ज्याने हे केलं त्याला फेल शब्द आतून कळला होता. मी अडकले की हे वाक्य आठवते.

पायरी ५ : नोटीस, कोर्ट, सोसायटी

इथे तीन गोष्टी पाठच करा.

‘फेलिंग विच’ म्हणजे ‘अन्यथा’, ‘तसं न झाल्यास’. थकबाकी ३० तारखेपर्यंत भरा, फेलिंग विच दंड लागेल. तुम्ही फेल झालात असं तिथे कोणी म्हणत नाहीये. याच्यासारखंच ‘फेलिंग दॅट’, म्हणजे ते नाही जमलं तर मग हे.

‘विदाउट फेल’ म्हणजे ‘न चुकता’. सभेला विदाउट फेल हजर रहा. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी पेन्शनच्या पत्रात हे वाचलं आणि त्यांना वाटलं काहीतरी परीक्षा आहे, हयातीचा दाखला आणायचा होता फक्त.

तिसरं ‘फेल्युअर टू’, म्हणजे अमुक न करणं. हा फेल्युअर शब्द सतराव्या शतकात वकिलांच्या फ्रेंचमधून आलाय, आधी तो ‘फेलर’ असाच होता, वेव्हर (हक्क सोडणं), मर्जर (एकात विलीन होणं) हे जसे त्या कोर्टाच्या फ्रेंचमधले क्रियापदाचे नाम झाले तसाच, नंतर शेपूट बदलून फेल्युअर झालं. म्हणजे जन्मापासून याचा अर्थ ‘न घडणं’, ‘न करणं’. कुणाचं व्यक्तिमत्त्व वगैरे त्यात नव्हतं.

डिफॉल्ट आता. कर्ज थकवलं की डिफॉल्टर, हे सगळ्यांना माहीत. पण मोबाइलमधली डिफॉल्ट सेटिंग पण तीच, तुम्ही काही निवडलं नाही, म्हणजे तुमच्याकडून काहीतरी करायचं राहिलं, म्हणून जे आपोआप लागू होतं ते. आणि ‘डिफॉल्ट बेल’ ऐकलं की लोकांना वाटतं आरोपीने काहीतरी थकवलंय. उलट आहे. पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांच्या मुदतीत आरोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, कमी पडले ते तपास करणारे. म्हणून म्हणते, कोण कमी पडलं हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

पायरी ६ : मशीन, पैसे, शरीर

पैशाचं लवकर सांगते. ‘ट्रान्झॅक्शन फेल्ड’ म्हणजे व्यवहार पुरा झाला नाही, ‘पेंडिंग’ म्हणजे अजून लटकलाय, दोन्ही वेगळे, पेंडिंग असताना घाईने परत पैसे पाठवू नका. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून कापले गेले तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे बँकेने ५ दिवसांत परत करायचे असतात आणि त्याच्या पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

मशीनच्या बाबतीत एक शब्द लोक हटकून उलटा समजतात, ‘फेल-सेफ’. कधीच फेल न होणारं, असं नाही. फेल झालं तरी सुरक्षित बाजूलाच जाणारं. रेल्वेचा एअर ब्रेक बघा, जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ च्या सुमाराला जो ऑटोमॅटिक ब्रेक केला त्यात युक्ती अशी की गाडीभर जाणाऱ्या पाइपमध्ये हवेचा दाब असतो आणि त्या दाबामुळे ब्रेक सुटलेले राहतात. पाइप फुटला, डबा तुटून वेगळा झाला, दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. साखळी ओढल्यावर गाडी थांबते ती पण ही हवा सुटते म्हणूनच. मुंबईच्या लोकलमध्ये ‘सिग्नल फेल’ ऐकून आपण वैतागतो, पण बिघडलेला सिग्नल लाल राहतो म्हणून गाड्या उभ्या राहतात, हिरवा राहिला असता तर काय झालं असतं विचार करा. तिथे दगा द्यायची दिशा आधीच ठरवून ठेवलेली असते. मला हे फार आवडतं.

आता मामाचं कार्ड. वैद्यकीय कागदावर ‘फेल्युअर’ म्हणजे तो अवयव शरीराला लागेल तेवढं काम करू शकत नाहीये. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असतं, पण गरजेइतकं रक्त पुढे ढकलायला कमी पडतं, म्हणून चालताना दम लागतो, पावलांवर सूज येते, रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो. आजार गंभीर आहे, हलक्यात घ्यायचा नाही, पण औषधं, कमी मीठ, रोज वजन बघणं असं करून कितीतरी लोक वर्षानुवर्षं जगतात. हार्ट अटॅक वेगळा, त्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अचानक अडतो. आणि हृदय पूर्ण थांबणं, म्हणजे आपण ज्याला हार्ट फेल म्हणतो, त्याला डॉक्टर ‘कार्डिअॅक अरेस्ट’ लिहितात. हे तीन शब्द एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मी मामीच्या फ्रिजवर चिकटवले. मराठीत काही ठिकाणी ‘हृदय निकामी होणे’ असं छापतात, कृपा करून तसं करू नका, निकामी म्हणजे भंगारात काढलेलं, ‘हृदय कमजोर पडणे’ म्हटलं तरी काम होतं आणि माणसाला घाबरून खाली बसावं लागत नाही.

पायरी ७ : माणसावर हा शब्द आला की दोनदा वाचा

सतराव्या शतकाच्या शेवटाकडे व्यापारी बुडाला की ‘ही फेल्ड’ म्हणायला लागले, म्हणजे देणी द्यायला कमी पडला, दिवाळं निघालं. तेव्हाही फेल झाला तो धंदा. ‘ही इज अ फेल्युअर’, तो माणूसच अपयश आहे, हा वापर एकोणिसाव्या शतकातला, आठशे वर्षांच्या शब्दाच्या मानाने अगदी काल-परवाचा. वाक्यात ‘फेल्ड’ क्रियापद असेल तर एक घटना झाली, ‘अ फेल्युअर’ असेल तर कोणीतरी माणसावर शिक्का मारतोय. हा फरक वाचताना पकडा आणि स्वतः लिहिताना तर जपाच.

परीक्षेसाठी लिहायचं तर ‘ही फेल्ड’ किंवा ‘ही फेल्ड इन मॅथ्स’. ‘ही गॉट फेल’, ‘आय अॅम फेल’ हे आपल्याकडे सगळे बोलतात पण अर्जात, मेलमध्ये नको. ‘टेन्थ फेल’ भारतात सगळ्यांना कळतं, बाहेरच्या माणसाला कळेलच असं नाही. एफ ग्रेडचं म्हणाल तर अमेरिकेत माउंट होलिओक कॉलेजने १८९७ मध्ये अक्षरांच्या श्रेण्या लावल्या तेव्हा नापासाला ई होतं, पुढच्या वर्षी ते एफ झालं. आपल्याकडे सीबीएसईने २०२० मध्ये फेल शब्द काढून ‘इसेन्शियल रिपीट’ आणला, आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘कौशल्य विकासासाठी पात्र’ असा शेरा आला, आणि कॉलेजात एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं, तर पिढ्यान् पिढ्या आहेच. नाव बदलून पोराचं रडू थांबतं असं नाही, पण ‘परत बसायचंय’ हे सांगणारा शब्द मला तरी शिक्क्यापेक्षा बरा वाटतो.

शेवटचं, नेटवरचा फेल

व्हिडिओखाली नुसतं ‘फेल’ किंवा ‘एपिक फेल’ लिहितात ते काय, असं भाचा विचारत होता. याचा माग बरेच जण १९९८ च्या ब्लेझिंग स्टार नावाच्या जपानी गेमपर्यंत नेतात, त्यात हरल्यावर स्क्रीनवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘यू फेल इट’ असं यायचं, पोरांनी ते उचललं आणि पुढच्या दहा वर्षांत जगभर झालं. यात व्याकरणाची एक गोष्ट बघण्यासारखी आहे. इथे फेल हे नाम आहे, ‘अ फेल’. इंग्रजीत हे नाम १३०० च्या आसपास होतं, नंतर फेल्युअरने त्याची जागा घेतली आणि ते जवळजवळ एकाच ठिकाणी उरलं, ‘विदाउट फेल’ मध्ये, त्या आजोबांच्या पेन्शनच्या पत्रात. तिथून ते थेट भाच्याच्या मोबाइलवर उगवलंय.